बिनकाट्याच्या घड्याळांचं मंडळ

आमच्या अमरावतीच्या घरात दोन गोष्टी कोणी न बोलावता साठतात. उन्हाळ्यात धूळ आणि दर गुरुवारी किस्से. धूळ निदान झटकता तरी येते. किस्से मात्र मलाच वहीत उतरवून ठेवावे लागतात, कारण मंडळाची वही माझ्या गळ्यात पडली आहे!

मंडळ म्हणजे बाबांचं ‘बिनकाट्याच्या घड्याळांचं मंडळ’. सभासद चार. चौघेही साठीच्या पुढचे आणि चौघांना वेड एकच. ज्या घड्याळाला काटे नाहीत, ज्यात वेळ सरळ आकड्यांत दिसते, तेवढंच घड्याळ. बाकीची सगळी भंगार. कुठल्या घड्याळात आकड्यांची पानं पटापट पडतात, कुठल्यात आकड्यांची चाकं फिरतात, कुठल्यात झाकणाला पाडलेल्या खिडकीतून आकडा डोकावतो. असली घड्याळं मुंबईच्या जुन्या बाजारातून, गोऱ्या साहेबांच्या लिलावातून, कोणाच्या तरी परदेशातल्या पुतण्याकडून मिळवायची आणि दर गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या बैठकीत बसून एकमेकांना दाखवायची. मनगटावर काट्याचं घड्याळ असेल तर ते बाहेर खुंटीवर अडकवून आत यायचं. “काटे वाचावे लागतात, आकडे नुसते दिसतात!” हे बाबांचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे. बाबा वकील होते. एक वाक्य सापडलं की ते जन्मभर पुरवतात.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, तीही पहिल्या वर्गात. म्हणून मीही सभासद व्हायचा अर्ज केला. ठराव झाला : ‘स्त्रियांना सभासद करून घेण्याची सोय नाही. तथापि अक्षर चांगले असल्यामुळे कु. कुंदा हिने सभेचा वृत्तांत लिहावा.’

हा ठराव वहीत लिहिला कोणी? मीच!

* * *

मंडळाची पहिली अडचण अशी, की चार वाजता जमायचं खरं, पण चार कोणाचे? भिंतीजवळच्या टेबलावर बाबांची दोन घड्याळं. एकात चार वाजायला नऊ मिनिटं कमी, दुसऱ्यात चार वाजून सहा. अकोल्याहून हेडमास्तर येतात, ते मांडीवर स्वतःचं घड्याळ घेऊन. अचलपूरचे डॉक्टर येतात, त्यांच्या खिशात तिसरंच. मग सभेचा पहिला अर्धा तास सभा सुरू झाली की नाही ह्यावर जातो.

आई मात्र बरोबर चार वाजता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. एकदा हेडमास्तरांनी तिला कौतुकानं विचारलं, “वहिनी, तुमी कोणत्या घड्याळावर चहा टाकता?”

“तेलगिरणीच्या भोंग्यावर,” आई म्हणाली.

चौघेही हसले. हेडमास्तर म्हणाले, “अहो, भोंगा अशिक्षित असतो!”

आई म्हणाली, “असन. पण त्याले एकच टाइम येते.”

मी हे वाक्य वृत्तांतात लिहिलं. बाबांनी ते खोडलं. म्हणून इथं लिहिते आहे.

* * *

हेडमास्तरांचं घड्याळ पितळेचं, काचेच्या नळकांड्यातलं. आत सेल्युलॉइडची बारीक पानं, प्रत्येक पानावर एक आकडा. मिनिट सरलं की एक पान टप्पकन पडतं. दिसायला सुरेख आहे, मीही मान्य करते. पण अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसं वितळतात, तिथं सेल्युलॉइडचं काय! एका मे महिन्यात दोन पानं एकमेकांना चिकटली. तेव्हापासून त्या घड्याळात सोळानंतर एकदम अठरा येतात. सतरावं मिनिट कायमचं गेलं.

एका गुरुवारी हेडमास्तर चारला आलेच नाहीत. संध्याकाळी साडेसहाला घामाघूम होऊन पोचले. काय झालं होतं? त्यांची पॅसेंजर अकोल्याहून एक सतराला सुटते. हेडमास्तर अर्धा तास आधी स्टेशनवर. बाकावर बसलेले, घड्याळ मांडीवर, गाडी समोर उभी. चार पावलांवर!

“मी पाहूनच राहिलो होतो,” ते सांगू लागले. “एक पंधरा झाले. एक सोळा झाले. म्हटलं, सतरा झाले की उठू. तं एकदम अठरा! अन् गाडी सुटली!”

“पण गाडी डोळ्यांसमोर हलताना दिसली नाही का?” मी विचारलं.

हेडमास्तरांनी माझ्याकडे त्या नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं ते चाळीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांकडे पाहत आले. म्हणाले, “सतरा झालेच नाहीत, तं गाडी सुटली कशी, ते सांग!”

मंडळानं एकमतानं रेल्वेचा निषेध केला.

* * *

अचलपूरच्या डॉक्टरांकडे खिशातलं घड्याळ आहे. चांदीच्या झाकणाला दोन खिडक्या, एकीत तास, दुसरीत मिनिट. मिनिट सरलं की आकडा टुणकन उडी मारून बदलतो. सेकंदाचा काटा नाही, कारण काटाच नाही! आता डॉक्टर माणसाला नाडी मोजायला सेकंद लागतात. पण आमच्या डॉक्टरांनी तोड काढली. आकडा बदलला की मोजायला सुरुवात करायची आणि पुन्हा बदलला की थांबायचं. पूर्ण एक मिनिट. अगदी शास्त्रीय!

एक म्हातारी भाजीवाली दवाखान्यात आली. बाहेर तिची मेथीची पाटी सुनेच्या भरवशावर ठेवलेली. डॉक्टरांनी तिचा हात धरला. आकडा बदलला. मोजणी सुरू. साठ झाले, ऐंशी झाले, शंभर झाले, आकडा काही बदलेना. खिडकीतल्या चाकाचा दाता अडकला होता. पण डॉक्टर शास्त्राचे माणूस. आकडा बदलल्याशिवाय थांबायचं नाही! तीनशे झाले. चारशे झाले. डॉक्टरांचा चेहरा काळा पडत चालला. म्हातारी शांत.

पाचशेच्या पुढे गेल्यावर डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, “हिच्या घरच्यायले बोलाव. एका मिनिटाले पाचशेच्या वर नाडी!”

म्हातारी म्हणाली, “डाक्टर, घरच्यायले बोलावा नाई तं नका बोलावू, पण हात सोडा ना बापा. माहा बजार उठून राह्यला!”

हा किस्सा डॉक्टरांनीच सांगितला. शेवटी म्हणाले, “विलक्षण केस होती!”

* * *

मंडळानं एकदा अकोल्याला प्रदर्शन भरवलं. लोकांना नवं युग दाखवायचं म्हणून. एका शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर, तिच्यावर पाच घड्याळं आणि मागे चार सभासद, शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून. बाबांनी पाऊण तास भाषण केलं. काटा ही कशी मागासलेली कल्पना आहे, आकडा हे कसं प्रगतीचं लक्षण आहे, वगैरे.

दर्यापूरकडचा एक शेतकरी पहिल्या रांगेत बसून सगळं लक्ष देऊन ऐकत होता. भाषण संपलं तसा उठून टेबलाजवळ आला, पाचही घड्याळं एकेक करून वाकून पाहिली आणि मग बाबांना अदबीनं विचारलं, “वकीलसाहेब, माही मोटर साडेपाचची आहे. आता किती वाजले?”

चौघांनी चार वेगवेगळ्या वेळा सांगितल्या. चौघे एकमेकांशी भांडू लागले.

शेतकरी थोडा वेळ थांबला. मग दाराशी जाऊन त्यानं उन्हातली स्वतःची सावली पाहिली आणि मोटरकडे चालू लागला.

* * *

आता ज्यांच्याशिवाय हे सगळं झालंच नसतं, त्यांच्याकडे येते. बापूसाहेब. शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे बागाईतदार, मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या अमेरिकेतल्या पुतण्यानं दिवाळीला एक घड्याळ पाठवलं. तपकिरी बेकलाइटची पेटी, विजेवर चालणारं, आत आकड्यांची तीन चाकं. ती अशी मऊ फिरतात की एक आकडा वर जाताना आणि दुसरा खालून येताना दिसतो. त्यासाठी बापूसाहेबांनी व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर आणला. आमच्याकडे वीज बरी येते म्हणून घड्याळ आमच्याच बैठकीत मांडलं. नारळ फोडला, बटण दाबलं.

घड्याळ सुरू झालं आणि मागे पडू लागलं. थोडंथोडकं नाही. घड्याळात एक तास सरेपर्यंत बाहेरच्या जगात एक तास बारा मिनिटं होत.

मंडळाच्या तीन सभा ह्यावर झाल्या. डॉक्टर म्हणाले, समुद्रप्रवासात थकवा आला आहे. बापूसाहेब म्हणाले, वऱ्हाडच्या कोरड्या हवेनं तेल सुकलं. हेडमास्तरांनी पृथ्वीगोल मागवला आणि अमेरिका खालच्या बाजूला असल्यानं तिथं तास मोठा असतो असं सिद्ध केलं. शाळेच्या गोलावर!

मी चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, “तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास. हे घड्याळ हेलकावे मोजून चालतं. म्हणून हळू चालतं. बस.”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, “चार बुकं शिकली तं आता आमाले वीज शिकवून राहिली!”

पुढच्या गुरुवारी हेडमास्तरांनी उपाय आणला. सुवाच्य अक्षरातलं, काचेच्या चौकटीत बसवलेलं कोष्टक. घड्याळ लावल्यापासून त्यात एक तास सरला की बारा मिनिटं मिळवा, दोन तास सरले की चोवीस, असं थेट चोवीस तासांपर्यंत. ते घड्याळाशेजारी भिंतीवर टांगलं. मंडळानं टाळ्या वाजवल्या. ‘कोष्टक हे घड्याळाचे अविभाज्य अंग समजावे’ असा ठराव झाला.

आईनं ते चौकटीतलं कोष्टक वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, “म्हणजे टाइम पाहाले आधी घड्याळ पाहाचं, मंग हिशोब कराचा?”

“हाओ,” हेडमास्तर अभिमानानं म्हणाले.

“अन् मधात वीज गेली तं?”

“तं दुसऱ्या घड्याळात पाहून परत लावाचं.”

“दुसरं जर बरोबर आहे,” आई म्हणाली, “तं याले काहून ठेवलं?”

* * *

ह्याच सुमारास माझ्या आयुष्याचा प्रश्न होता. मला एम.एस्सी.ला नागपूरला जायचं होतं. प्रवेशाचा फॉर्म आला होता, त्यावर वडिलांची सही पाहिजे होती आणि बाबा सही करत नव्हते. कारण विचारलं तर, “नागपूरले एकटी पोरगी? पाहू.” त्या ‘पाहू’चे दोन महिने झाले. शेवटची तारीख तोंडावर आली. दुसरीकडे डॉक्टर दर गुरुवारी एकेक स्थळ घेऊन येत. सगळ्या स्थळांचं वर्णन एकच : मुलगा शांत आहे. मेलेली माणसंही शांत असतात!

शेवटी एका गुरुवारी मी फॉर्म घेऊन भर सभेत उभी राहिले. म्हटलं, “बाबा, आज हो की नाही ते सांगा. सगळ्यांसमोर.”

बाबा चिडले. आणि चिडलेला वकील जे करू नये तेच करतो, म्हणजे अट घालतो. अमेरिकन घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, “एवढी शहाणी आहेस ना? हे घड्याळ एक अख्खा दिवस बरोबर चालवून दाखव. खुशाल जाय नागपूरले!”

चौघेही पोट धरून हसले. बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं हसणं होईपर्यंत मी वही उघडून लिहून घेतलं : ‘सदर घड्याळ आठ दिवसांसाठी कु. कुंदा हिच्या ताब्यात द्यावे. पुढील गुरुवारी दुपारी चार ते शुक्रवारी दुपारी चार ते बरोबर चालल्यास वडिलांनी तिच्या फॉर्मवर तत्काळ सही करावी. बरोबर म्हणजे तेलगिरणीच्या भोंग्याप्रमाणे.’

भोंग्यावरून थोडी कुरकुर झाली. पण हसण्याच्या भरात चौघांनीही सह्या ठोकल्या.

* * *

मी आणि आई दुसऱ्याच दिवशी घड्याळ टोपलीत घालून अकोल्याला गेलो. निमित्त मामाकडे जायचं. खरं काम वानखडे मिस्त्रींकडे.

वानखडे मिस्त्री एका जिनिंग फॅक्टरीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. मंडळाच्या एकूणएक घड्याळांची पोटं त्यांनी उघडली आहेत. पण ते आमच्याकडे येत तेव्हा बसत बाहेर ओट्यावर. त्यांचा चहाचा पेला वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला. त्यांचं कुटुंब नागपूरला दीक्षा घेऊन बौद्ध झालं, त्यालाही किती वर्षं झाली, पण तो पेला कोनाड्यातून हलला नाही. आणि हे चौघे आतमध्ये नव्या युगाच्या गप्पा मारणार!

मिस्त्रींनी घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं आणि पाठीवरची पितळी पट्टी मला दाखवली. तिच्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं : साठ सायकल. म्हणजे तेच, सेकंदाला साठ हेलकावे.

“ताई, मले तं हे दिवाळीतच समजलं होतं,” ते म्हणाले. “बापूसाहेबायले म्हटलं, इथं साठ लिहून आहे, आपली लाइन पन्नासची. चाक बदलाव लागते. तं म्हणाले, मिस्त्री, तू तेल दे अन् जाय.”

म्हणजे आठ महिने घड्याळाच्या पाठीवर उत्तर लिहिलेलं होतं आणि आमचं मंडळ समोर बसून आकडे पाहत होतं!

काम मिस्त्रींनी दोन दिवसांत केलं. आत साठ दात्यांचं एक चाक होतं, त्याच्या जागी पन्नास दात्यांचं बसवायचं आणि आस किंचित सरकवायचा. पितळेच्या पत्र्यातून त्यांनी ते चाक कानशीनं कापलं. दाते मोजत असताना ते बोलत नाहीत. मी एकदा मध्येच काही विचारलं तर त्यांनी नुसतं बोट वर केलं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसानं मला गप्प केलं आणि मला राग आला नाही.

काम झाल्यावर मी विचारलं, “तुम्हाला काय देऊ?”

“काई नाई. गुरुवारी चाक पाहाले येतो,” ते म्हणाले. मग टोपलीत घड्याळ ठेवता ठेवता म्हणाले, “माही पोरगी आठवीत आहे. तुमी नागपूरले गेल्या, का मंग तिले सांगतो, पाह्य.”

* * *

आणि आता तो शुक्रवार.

गुरुवारी चारच्या भोंग्याला घड्याळ लावलं. पोरगी लबाडी करेल म्हणून तिघांनीही आमच्याकडे मुक्काम ठोकला आणि बाबांसकट पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. आईनं चौघांना दोन्ही वेळा जेवू घातलं, तीनदा चहा केला, डॉक्टरांसाठी वेगळं बिनतिखटाचं वरण केलं. चोवीस तासांत वीज एकदाही गेली नाही. अमरावतीत हे कोणाला सांगूनही खरं वाटणार नाही!

शुक्रवारी पावणेचारला सगळे टेबलासमोर. वानखडे मिस्त्री गुरुवारी चाक पाहून गेले होते, ते सकाळच्या गाडीनं परत आलेले, ओट्यावर. माझा फॉर्म घड्याळाखाली दाबलेला, शेजारी शाईचं पेन. घड्याळात तीन अठ्ठावन्न. तीन एकोणसाठ. नऊचा आकडा वर चढू लागला, खालून शून्य आलं. चार. आणि त्याच क्षणी तेलगिरणीचा भोंगा झाला.

भोंगा संपला. मी पेन उचलून बाबांसमोर धरलं.

“थांबा!” हेडमास्तर म्हणाले.

ते उठले. चष्मा लावला. भिंतीवरच्या कोष्टकासमोर जाऊन बोट खालपर्यंत नेलं. “घड्याळात सरले चोवीस तास. चोवीस तासाले मिळवा चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. कोष्टकाप्रमाणं आता रात्रीचे आठ अठ्ठेचाळीस झाले. घड्याळ चार दाखवून राहिलं. म्हणजे घड्याळ चुकलं!”

“हेडमास्तर, बाहेर ऊन आहे!” मी ओरडले.

“ऊन हा पुरावा नाही,” बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडावर आलेलं हसू मी विसरणार नाही. बुडत्या केसमध्ये अचानक कागद सापडला की असंच हसत असणार. “कोष्टक हे घड्याळाचं अविभाज्य अंग आहे. ठराव आहे. तुझ्याच अक्षरात. डॉक्टर, तुमचं मत?”

“आठ अठ्ठेचाळीस,” डॉक्टर खाली पाहून म्हणाले.

“बापूसाहेब?”

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. “आठ... अठ्ठेचाळीस.”

पेन हातातून सुटून फॉर्मवर पडलं. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला.

“रात्र झाली म्हणता?” ती अगदी शांतपणे म्हणाली. “मंग पानं वाढते.”

आणि तिनं वाढली! चारही पाटांवर, ज्वारीच्या भाकरी, चून, ठेचा. एक वाजता पोटभर जेवलेली माणसं! कोणाला नको म्हणता येईना. नको म्हणायचं तर कारण काय सांगणार? आत्ताच जेवलो? मग चारच वाजले की! चौघे मुकाट्यानं बसले. डॉक्टरांनी पहिल्याच घासाला ढेकर दिली.

जेवणं होतात न होतात तो आईनं बैठकीत चार गाद्या घातल्या, उशा ठेवल्या, चादरी ठेवल्या.

“हे काय वहिनी?” बापूसाहेब घाबरून म्हणाले. “मले तं निघाचं आहे. माही पाचची मोटर...”

“पाचची?” आई म्हणाली. “भाऊजी, रात्रीचे नऊ वाजून गेले. आता कुठची मोटर? तुमच्या गावाची शेवटची तं चार तास झाले गेली. झोपा आता. सकाळी पाहू.”

तो ‘पाहू’ तिनं असा उच्चारला, की बाबांनी मान खाली घातली.

बापूसाहेबांनी कोष्टक पाहिलं. गादी पाहिली. बाहेरचं ऊन पाहिलं. सकाळी त्यांच्या बागेत विहिरीवर पंप बसवायला माणसं येणार होती, हे त्यांनी कालपासून वीसदा सांगितलं होतं. पाचला दहा कमी असताना त्यांचा धीर सुटला.

“वकीलसाहेब, सही करा!” ते ओरडलेच. “चार वाजले होते! भोंगा झाला तवाच चार वाजले होते! घड्याळ माहं आहे, मी सांगून राहिलो! तुमी सही करा, माही मोटर चुकून राहिली!”

“मले बी दवाखाना आहे,” डॉक्टर चपला शोधत म्हणाले. “चारच वाजले होते.”

बाबांनी पेन उचललं. फॉर्म जवळ ओढला. मग सही केली.

“खाली टाइम लिवा,” आई म्हणाली.

बाबांनी टाइम लिहिला : दुपारी चार वाजून बावन्न मिनिटं.

बापूसाहेब धोतर सावरत पळाले, त्यांच्यामागे डॉक्टर. वानखडे मिस्त्री ओट्यावरून उठून आत आले. कोणी बसा म्हटलं नव्हतं. ते अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आणि वाकून आपल्या चाकाचा आवाज ऐकू लागले. आईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला, आमच्याच कपांतल्या एका कपात.

मी फॉर्म फुंकून शाई वाळवत होते. बैठकीची पश्चिमेची खिडकी सताड उघडी होती आणि जूनचं ऊन थेट गाद्यांवर पडलं होतं. चारपैकी एक गादी भरलेली होती. हेडमास्तर तिच्यावर उताणे, चादर हनुवटीपर्यंत, डोळे घट्ट मिटलेले.

“कुंदे,” ते म्हणाले, “दिवा बारीक कर. डोळ्यावर येऊन राहिला!”